बारशाआधीची लेकरं

माझं नाव कचरू, बापाचं उकंडराव. आमच्याकडच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगतो. ज्या बाईचं लेकरू जगत नाही, तिच्या पोटी पुढचं आलं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. आत्या जाऊन उचलून आणते आणि दारात उभी राहून विचारते, कचरा सापडला, कोणाला पाहिजे काय. आई पसाभर ज्वारी देऊन तो कचरा विकत घेते. पोराचं नाक टोचतात आणि बारशाला नाव ठेवतात कचरू, नाहीतर उकंडा. सटवाईला वाटावं की हे नेण्यासारखं नाही, आणि तिनं पुढच्या घरी जावं. माझ्या आजीनं माझ्या बापासाठी हे केलं आणि माझ्या आईनं माझ्यासाठी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, आता निवृत्तीला आलो. नोकरीला लागलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, गॅझेटात देऊन नाव बदल, पोरं हसतात. पोरं हसली. मी बदललं नाही. या नावापायी एका बाईचं पुढचं शिक्षण बुडालं. ते मिटवलं तर त्या गोष्टीचा एकुलता एक साक्षीदार मिटतो. ती बाई म्हणजे रुख्मिणी सिस्टर. मी शाळेची भाषा लिहितो, पण या गोष्टीत मधेच डोकं फिरतं आणि घरची बोली तोंडात येते. तेवढं चालवून घ्या.

सिस्टर पिंपळगाव राजाकडच्या. बाप गुलाबराव खामगावला कापसाच्या एका जिनात हमाल होते. छप्पन साली घरानं धम्म घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी पोरगी नर्सिंगला गेली. त्याआधी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे नर्सिंगच्या वर्गात ती सगळ्यांत मोठी होती. लग्न केलं नाही. महाराष्ट्र झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही. वरवट बकालच्या बाजारापासून बैलगाडीनं तासाभरावर, एवढं पुरे. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

गावानं तिचं स्वागत कसं केलं तेही सांगतो. बाळंतीण आत कण्हत असायची, आणि ज्या बाईला सरकारनं त्याच कामासाठी पाठवलं ती बाहेर ओसरीत पोत्यावर. आत यायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. फार तर दारातून सांगायचं, असं करा, तसं करा. आतल्या बायका हो म्हणायच्या आणि आपल्याच मनाचं करायच्या. असं वर्षभर तरी चाललं.

हे मोडलं ते झुंबरबाईनं. झुंबरबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिला कोणी उलट बोलत नसे. एका घरी बाळंतीण अडली होती आणि झुंबरबाईला एकटीला आवरेना. तिनं बाहेर येऊन सिस्टरांचा हात धरला. त्या घरची म्हातारी आडवी आली तेव्हा झुंबरबाई म्हणाली, "ही आत येईन तं मी आत येईन. नाई तं तुमच्या सुनेले तुमीच मोकयं करा." म्हातारी बाजूला झाली. त्या दिवसापासून सिस्टर झुंबरबाईला मावशी म्हणायला लागल्या, आणि झुंबरबाई त्यांना रुख्मे.

हे आधी सांगितलं, कारण पुढं ज्यानं गळा कापला तो हात हाच होता.

सहासष्ट साली दवाखान्यात एक पत्रक आलं. सरकार आपल्या खर्चानं नर्सबायांना पुढचं शिकवणार होतं. मुंबईला एक वर्षाचा अभ्यासक्रम, पगार चालू, वर विद्यावेतन, राहायची सोय. तो करून आलेल्या बाईला सगळा तालुका हिंडून सुइणींना आणि नर्सबायांना शिकवायचं काम मिळणार होतं. विदर्भातून एकच जागा. वयाची अट पस्तिसाची. आणि अर्जाबरोबर दीड वर्षाचं स्वतःचं काम जोडायचं. ते काम असं, की आपल्या भागातली एखादी रीत घ्यायची, तिच्याजागी दवाखान्याची पद्धत वापरून पाहायची आणि फरक पडतो की नाही ते पुराव्यानं दाखवायचं. आमच्याकडं असंच करतात, सगळे असंच म्हणतात, हे चालणार नव्हतं.

सिस्टरांनी हिशेब केला. काम पुरं होईपर्यंत त्यांना चौतिसावं सरत येणार होतं. म्हणजे संधी एकच. हे गेलं की कायमचं गेलं.

पण त्यांना नुसती जागा नको होती, ते कामच आवडलं होतं. मला एकदा म्हणाल्या होत्या, "कचरू, मले लहानपनापासून लोकांनं सांगतलं, असं असते म्हनून असते. पान्याले हात लावू नको, असं असते. ओसरीत बस, असं असते. पयल्यांदा एका कागदानं इचारलं, कशावरून. मले लय बरं वाटलं."

त्यांनी बेंबीची रीत घेतली. त्या वेळी आमच्याकडं नाळ विळ्यानं नाहीतर जे हाताशी येईल त्यानं कापत, आणि बेंबीवर गोवरीची राख दाबून भरत. सात-आठ दिवसांनी काही लेकरं दूध ओढायचं सोडत, जबडा आवळत, अंग ताणत आणि जात. दवाखान्यात त्याला धनुर्वात म्हणायचे, गावात म्हणायचे सटवाईनं नेलं. सिस्टरांची पद्धत साधी होती. उकळलेलं पातं, उकळलेला दोरा, आणि बेंबी कोरडी, उघडी. वर काहीही लावायचं नाही. आमच्या गावात दीड वर्ष सगळी बाळंतपणं अशी करायची, शेजारच्या दोन गावांत जुन्या रीतीनं होतच होती, आणि कुठं किती लेकरं दगावतात ते पाहायचं.

पण बाळंतपणाला पहिलं बोलावणं सुईणीला जायचं. झुंबरबाई पातं उकळेल तर काम, नाहीतर काही नाही. शिवाय सिस्टर प्रत्येक घरी पोचतील असं नव्हतं, लेकरू जगलं की गेलं हेही झुंबरबाईच सांगणार. सिस्टर तिच्या घरी जाऊन बसल्या.

झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुया मनासारखं झालं तं तू मुंबईले जाशील?"

"जाईन, मावशी."

"अन् मंग?"

"मंग वापस येईन. इथलेच लेकरं वाचवाले येईन."

"मंग करतो बापा," झुंबरबाई म्हणाली. "तुयासाठी पातं उकयाले काय जाते माया बापाचं."

आणि तिनं खरंच केलं. तिच्या कामात खोट नव्हती, हे मला मान्य करावंच लागतं. पातं ती उकळायची, हात धुवायची, बेंबी उघडी ठेवायची. दवाखान्यात येऊन सांगायची, अमक्याकडं मुलगा, धडधाकट. तमक्याकडं मुलगी, दूध पिते. सिस्टर लिहून घ्यायच्या. महिन्यामागून महिने गेले. शेजारच्या गावांतून लेकरं गेल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या गावात एकही नाही. डॉक्टरसाहेब बुलढाण्याच्या बैठकीत छाती फुगवून सांगायचे. सिस्टर हरखून गेल्या होत्या, पण तेव्हाही त्या झुंबरबाईला विचारायच्या, "एकही नाई, मावशी? खरंच?" झुंबरबाई म्हणायची, "तुया हाताले यश हाये व माय."

आता माझी आई. अंबूबाई. आमचं घर माळ्याचं, वांगी-मिरची, कोथिंबीर. आई नवी सून होती. पहिलं बाळंतपण माहेरी, वडनेर भोलजीला व्हायचं, पण तिला न्यायला बैलगाडी येण्याआधीच कळा सुरू झाल्या. सिस्टर त्या दिवशी बैठकीला बुलढाण्याला. झुंबरबाईनं मोकळं केलं, मुलगी झाली. पातं उकळलं होतं, बेंबी उघडी ठेवली होती. झुंबरबाईची पाठ वळली आणि माझी आजी, म्हणजे आईची सासू, म्हणाली, उघडा बेंब ठेवतेत काय कुठी, मानसाचं लेकरू हाये का कुत्र्याचं. तिनं चुलीतली राख घेतली आणि भरली. आठव्या दिवशी पोरगी गेली. बारसं व्हायचं होतं. वावराच्या बांधाला पुरली.

सिस्टर परत आल्या तेव्हा झुंबरबाईनं सांगितलं, अंबूला मुलगी झाली, मायलेकी बऱ्या आहेत, वडनेरला गेल्या. आई खरंच माहेरी गेली होती, एकटी. दीड महिन्यानं परत आली. सिस्टर भेटायला आल्या. "पोरगी कुठी हाये अंबू?" आई म्हणाली, "वडनेरले तिच्या आजीपाशी ठेवली. माह्यं दूध आटलं, तिच्याघरी शेळी हाये." हे तिला झुंबरबाईनं पढवलेलं. पढवलेलं एवढंच होतं. पुढचं सगळं माझ्या आईचं स्वतःचं.

कारण सिस्टर भेटल्या की विचारायच्या, पोरगी कशी आहे. आणि आई सांगायची. पालथी पडते आता. दात आला. धरून उभी राहते. नाव काय ठेवलं म्हटलं तर म्हणायची, आजी छकुलीच म्हणते. वर्षभर माझी आई मेलेल्या पोरीला वाढवत होती, आणि सिस्टर आनंदानं ऐकत होत्या. त्यांनी त्या पोरीसाठी एक झबलं शिवलं. पांढरं, गळ्याला हिरवी पट्टी. आईनं ते घेतलं आणि सांगितलं, पुढच्या बाजाराला कोणासोबत तरी पाठवते.

माय, तुया जिभेले हाड नव्हतं काय व? झबलं घेताना तरी तोंडातून खरं निघाले पायजे होतं. मी हे हजारदा मनात बोललो असेन. आई म्हणून कीव येते, आणि कीव आली की त्याच्या मागून संतापही येतो. ती पोरगी जगात आहे असं ऐकणारं एकच माणूस तिला सापडलं होतं, हे मला कळतं. पण ते माणूस ऐकलेलं खरं मानून त्यावर आपलं आयुष्य मांडत होतं.

अडुसष्टच्या सुरुवातीला मी झालो. या खेपेला सिस्टर स्वतः हजर होत्या. माझी नाळ त्यांनी कापली आणि रोज सकाळी येऊन माझी बेंबी पाहायच्या. राख कुठून येणार, आजी तोवर वारली होती. तोपर्यंत सिस्टरांचं काम पुरं झालं होतं. सगळे कागद वर गेले होते आणि नागपूरहून निरोप आला होता, निवडीला या. डॉक्टरसाहेबांनी तर तोंड गोड करून टाकलं होतं. जागा तुमचीच, सिस्टर. असं काम कोणाचं असणार.

माझ्या बारशाला सिस्टरांना मानाचं बोलावणं होतं. त्या आल्या आणि बायकांत बसल्या, ओसरीत नाही, आत. आत्यानं मला उकिरड्यावरून आणलं, आईनं ज्वारी दिली. सिस्टर हसतच बघत होत्या. पिंपळगाव राजाकडं दृष्ट लागू नये म्हणून कोणत्याही पोराला असं विकत घेत, त्यांना ते ओळखीचंच. मग त्यांचं लक्ष माझ्या नाकाकडं गेलं, त्याच सकाळी टोचलेलं, दोरा ओवलेला. आणि आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, कचरू.

सिस्टरांनी शेजारच्या बाईला विचारलं, "काऊन व? कचरू काऊन?"

शेजारची बाई घुगऱ्या वाटत होती. ती सहज म्हणाली, "पयलं गेलं न तिचं."

तिला कोणी पढवलं नव्हतं. आणि तसं गावात कोणाला पढवायची गरजच नव्हती. जाणारं लेकरू गेलं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त तोंडानं कोणी बोलत नाही. बारशाच्या दिवशी ते नाव होऊन बाहेर येतं. एवढं एकच दार उघडं होतं, आणि मानाचं बोलावणं देऊन सिस्टरांना नेमकं तिथंच आणून बसवलं होतं. कोणाच्याच ध्यानात आलं नाही की ही बाई नाव ऐकेल. नाव ठेवणाऱ्यांना नाव म्हणजे सांगणं वाटतच नव्हतं.

सिस्टरांनी मला मांडीवर घेतलं. माझ्या अंगावर पांढरं झबलं होतं, गळ्याला हिरवी पट्टी, घड्या अजून तशाच. त्या आईकडं बघत राहिल्या. आई पदर सावरत दुसऱ्या बाईशी बोलायला लागली. सिस्टरांनी मला पाळण्यात ठेवलं आणि उठून सरळ झुंबरबाईच्या घरी गेल्या. झुंबरबाई त्या दिवशी पाय दुखतो म्हणून बारशाला आली नव्हती. पाय दुखत होता की आणखी काही, ते तिचं तिला ठाऊक.

"अंबूची पोरगी कुठी हाये, मावशी?"

"वडनेरले."

"कचरूचं बारसं पाहून आली मी."

झुंबरबाई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "बारशाआधी गेलेलं लेकरू आपल्यात मोजत नाईत, रुख्मे. त्याचं नाव काढलं तं पुढच्याले बाधते."

"मी तं तेच मोजून राह्यली होती, मावशी. मले दुसरं काई मोजाचंच नव्हतं."

"मले काय कयते तुयं मोजनं. तुले मुंबईले जायाचं होतं. तुया वाटेवर मी मेलेले लेकरं आनून टाकू काय?"

"आनखी किती?"

झुंबरबाईनं बोटं दाखवली. आणखी तीन घरं. कुठं सासूनं राख भरली होती, कुठं शेण. कोणाचं पोर माहेरी गेलं, कोणाचं मामाकडं वाढतंय, असं सांगितलेलं.

सिस्टर म्हणाल्या, "केसानं गळा कापला मावशी तुमी माह्या."

झुंबरबाई रडली म्हणतात. रडली असेल. तिनं जे केलं ते मायेनं केलं, हे मला लोक अजून ऐकवतात. मी त्यांना म्हणतो, मायेनं कापलेला गळा काय कमी कापला जाते काय बे? वैऱ्यानं लबाडी केली असती तर सिस्टरांनी पहिल्याच महिन्यात पकडली असती. जी बाई हाताला धरून आत घेऊन गेली, तिच्या शब्दावर कोण संशय घेतो?

सिस्टर त्या तिन्ही घरी गेल्या. दारातच उत्तर मिळालं, काही नाही झालं, पोर मामाकडं आहे. माझ्या आईकडं आल्या. आई म्हणाली, "मले झुंबरबाईनं सांगतलं." एवढंच. चुकलं म्हणाली नाही, माफ करा म्हणाली नाही. सिस्टरांनी माझी बेंबी पाहिली आणि गेल्या.

डॉक्टरसाहेब म्हणाले, गप बसा. कागद गेलेत, वरचे खूश आहेत, कोण येतंय बघायला. आणि नीट बघा, चार लेकरं धरली तरी शेजारच्या गावांपेक्षा तुमची पद्धत चांगलीच ठरते. ते बोलणं खोटंही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "ठरत असेल साहेब. पण शेजारच्या गावच्या बायकांनीही मला खरं सांगितलं की नाही, हे आता मला कोण सांगणार?" डॉक्टरसाहेबांनी हात झटकले.

नागपूरला निवडीच्या खोलीत त्यांनी आधी हेच सांगितलं. माझ्या कागदांत एकही मृत्यू नाही, ते चूक आहे. चार आहेत. आमच्याकडच्या बायका बारशाआधीचं लेकरू सांगत नाहीत, हे मला उशिरा कळलं. तिथं बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, म्हणजे तुमचे आकडे खोटे होते. सिस्टर म्हणाल्या, होते, आता खरे आहेत.

त्या गृहस्थानं विचारलं, "आता खरे आहेत हे कशावरून?"

झुंबरबाईनं बोटं दाखवली होती, त्याचा काय पुरावा. तीन घरांनी दारातच नाही म्हटलं होतं. चौथ्या घरी एक पोर होतं, नाक टोचलेलं, आणि त्याचं नाव. मला हे सांगताना सिस्टर थोड्या हसल्या होत्या. म्हणाल्या, "तो गृहस्थ काई चुकीचं नाई बोलला. मीच तर म्हनत होती, कशावरून इचारा म्हनून. पन त्याच्यानं मले पयल्यांदा इचारल्यासारखं नाई वाटलं. हाकलल्यासारखं वाटलं."

त्या वर्षी जागा दुसऱ्या एका नर्सबाईला मिळाली. तिच्या गावात दीड वर्षात एकही लेकरू दगावलं नव्हतं म्हणे. एकही नाही. कोण्या गावात बापा? कोण्या सटवाईनं ते गाव सोडून देलं? त्या बाईची चूक नसेल, तिलाही कोणी मावशी असेल. पण ज्यांनी पुरावा मागितला, त्यांनी निवडला तो गुळगुळीत कागद. पुढच्या वर्षी सिस्टरांनी पस्तिशी ओलांडली.

त्या आमच्या गावात आणखी सहा वर्षं राहिल्या. झुंबरबाईसोबत बाळंतपणं करतच राहिल्या, दुसरा इलाज नव्हता. पण मावशी म्हणायचं सोडलं. नावानंच हाक मारायच्या, झुंबरबाई, पाणी ठेवा. झुंबरबाई, दोरा द्या. झुंबरबाई मरेपर्यंत रुख्मेच म्हणत राहिली, आणि ती मरताना सिस्टर बदलीच्या गावाहून आल्या नाहीत. आणि एक रीत त्यांनी स्वतःला लावून घेतली. बाळंतपण झालं की बारशापर्यंत रोज त्या घरी स्वतः जायच्या आणि लेकरू डोळ्यांनी पाहायच्या. आईनं काय सांगितलं ते ऐकायच्याच नाहीत.

मला हे सगळं कळलं ते मास्तरकीचं शिक्षण घेऊन आल्यावर. सिस्टर तोवर फिरून पुन्हा आमच्याच दवाखान्यात आल्या होत्या, शेवटच्या वर्षांसाठी. मी त्यांना म्हटलं, नाव बदलून घेतो. त्या म्हणाल्या, "नको बदलू," आणि मग सगळं सांगितलं. झबल्यासकट. मी घरी आलो आणि आईला विचारलं, "माय, माह्याआधी तुले एक पोरगी झाली होती काय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "कोन सांगतलं? मले तूच पयला."

माझ्या तोंडावर. मला उकिरड्यावरून विकत घेणारी बाई. मला एक बहीण होती, ती माझ्याआधी त्याच घरात आठ दिवस जगली, बांधाला पुरली आहे आणि मी त्याच बांधावरून वांग्यांना पाणी द्यायला जात होतो. कुठं पुरली ते आजपर्यंत मला माहीत नाही. बापाला विचारलं, तो उठून बाहेर गेला. त्यानंतर मी आईशी बोलायचो, पण तिनं सांगितलेलं काहीही पहिल्या खेपेला खरं धरलं नाही.

ब्याण्णव साली सिस्टर निवृत्त झाल्या. दवाखान्यासमोर मांडव घातला, सगळं गाव जमलं. हार, शाल, नारळ. नारायणराव सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, "सिस्टरबाईंनी या गावावर उपकार केले. त्या आल्यापासून आपल्या गावात बाळंतपणात एकही लेकरू दगावलं नाही." टाळ्या पडल्या. खूप टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या तिन्ही घरच्या बायका होत्या, मी त्यांना ओळखतो.

सिस्टर उत्तर द्यायला उठल्या. गळ्यात हार, हातात ध्वनिक्षेपक. त्यांनी आभार मानले नाहीत. त्या म्हणाल्या, "माह्या आयाबायांनो, मी आता चालली. माहं शिकनं झालं नाई, ते जाऊ द्या. आता मले कुठीच काई दाखवाचं नाई. ज्यायचं लेकरू बारशाआधी गेलं, त्यायनं एकदा हात वर करा. मले फक्त पाहाचं हाये."

सिस्टर उभ्या होत्या. नारायणराव खाली बघत होते. बायकांच्या बाजूला एक हात हलला, पण तो पदर सारखा करायला. माझी आई बायकांच्या शेवटच्या ओळीत, माझ्या पुढ्यातच बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले.

मग मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "माझं नाव कचरू."

हसलं कोणी नाही. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, त्या आईकडं बघत होत्या. अजूनही वेळ होता. आईनं मागं हात करून माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि खाली ओढलं.

"बस बे खाली," ती म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

मी बसलो नाही. सिस्टरांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, शाल त्याच्यावर ठेवली, आणि शेगावच्या गाडीनं निघून गेल्या.